रक्त गाळण्याची नवी पद्धत आणा, पण पाण्यापासून सुरुवात करा : सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांस खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : शासकीय केंद्रांत हिमोडायफिल्ट्रेशन (डायलिसिसबरोबरच रक्तातील पाणी गाळण्याची पद्धत) सुरू करणे आणि त्यासाठी पाण्याची शुद्धता, फिस्टुला (हाताची शीर आणि धमनी जोडून केलेला मार्ग) व उपचाराचा कालावधी यांच्या अटी करारात घालणे.

महोदय,

मराठवाड्यातील एका डायलिसिस केंद्रात मी तंत्रज्ञ म्हणून काम करते. अलीकडे आमच्याकडे येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मोबाइलवर आलेली एखादी चित्रफीत पुढे करतात आणि विचारतात, "ताई, ते रक्त गाळायचं नवं मशीन आपल्याकडं कधी येणार? मग डायलिसिस बंद होईल ना?" या प्रश्नाचे खरे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. शिवाय त्या उत्तराचा मोठा भाग केंद्रात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या नव्हे, आपल्या दोन विभागांच्या हातात आहे. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

या चित्रफितींत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात, त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली म्हणजे शरीरात बसवायची कृत्रिम किडनी. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील शुवो रॉय आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठातील विल्यम फिसेल यांचे गट तिच्यावर बरीच वर्षे काम करीत आहेत. सिलिकॉनच्या पातळ पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रे पाडून, पंपाशिवाय, केवळ शरीरातील रक्तदाबावर रक्त गाळायचे, ही त्यामागची कल्पना आहे. काम मोलाचे आहे, परंतु चाचण्या प्राण्यांवर झालेल्या आहेत आणि रुग्णासाठी ही किडनी कोठेही विकत मिळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अतिदक्षता विभागात रात्रंदिवस सावकाश चालणारे हिमोफिल्ट्रेशन, जे १९७७ मध्ये जर्मनीतील गॉटिंगेन येथे पीटर क्रेमर यांनी सुरू केले. सर्पदंश, लेप्टोस्पायरोसिस किंवा जंतुसंसर्ग यांमुळे मूत्रपिंड अचानक बंद पडलेल्या आणि रक्तदाब टिकत नसलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो. कायमचे मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाने वर्षानुवर्षे घ्यायचा हा उपचार नव्हे. तिसरी गोष्ट हिमोडायफिल्ट्रेशन, म्हणजे एचडीएफ. आज आपल्या हातात येऊ शकेल अशी हीच एक आहे आणि माझी मागणी तिच्याविषयी आहे.

नेहमीच्या डायलिसिसमध्ये यंत्राला जोडलेल्या पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहते आणि दुसऱ्या बाजूने क्षार मिसळलेले शुद्ध पाणी. युरिया, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांचे कण लहान असतात. जिथे प्रमाण जास्त तिथून कमी तिकडे सरकत ते पडद्यातून सहज बाहेर पडतात. मोठे कण मात्र आळशीपणे हलतात आणि मागे राहतात. त्यांतले सर्वांत परिचित नाव बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन. युरियाच्या जवळजवळ दोनशेपट वजनाचे हे प्रथिन वर्षानुवर्षे सांध्यांत आणि मनगटातून नस जाते त्या बोगद्यात साचत जाते. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेला माणूस खांदा वर उचलेनासा होतो. त्याचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे रात्री बधिर होऊन त्याला जाग येते, सदऱ्याचे बटण लावताना बोटे चुकतात आणि पुढे मनगटाची शस्त्रक्रिया करावी लागते. जवळच्या माणसांना वाटते की वय झाले. हे वयामुळे होत नाही, उपचाराची मर्यादा असे रूप घेते.

निरोगी मूत्रपिंडाची रीत वेगळी आहे. ते दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी दाबाने गाळते आणि त्यातले जवळजवळ सगळे परत शरीरात घेते. संथ प्रवाहात तळाशी पडून राहिलेले दगडगोटे पूर आला की पाण्याबरोबर ओढले जातात, तसे गाळल्या जाणाऱ्या पाण्याच्या ओघात मोठे कणही बाहेर पडतात. अमेरिकेत ली हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये याच तत्त्वावर रक्तातील पाणी गाळून काढण्याची आणि तेवढेच शुद्ध द्रव परत देण्याची पद्धत मांडली. एचडीएफमध्ये हे गाळणे आणि नेहमीचे डायलिसिस एकाच वेळी चालते. रुग्णाच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही : त्याच दोन सुया, तीच खुर्ची, तेच चार तास. म्हणून डायलिसिस बंद होईल का, या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेच आहे. पण उपचार अधिक चांगला होऊ शकतो, हेही तितकेच खरे आहे.

कितपत चांगला, याचा पुरावा आता ठोस आहे. स्पेनच्या कॅटलोनिया भागात ९०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एचडीएफ घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले, तसेच उपचारादरम्यान रक्तदाब कोसळण्याचे प्रसंगही कमी झाले. नेदरलँड्स आणि तुर्कस्तानातील चाचण्यांत मात्र एकंदर फरक सिद्ध झाला नव्हता. ज्यांच्यात जास्त पाणी गाळले गेले फक्त तेच रुग्ण अधिक जगल्याचे तिथे दिसले होते. शंका त्यामुळे शिल्लक होती. ती बऱ्याच अंशी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कन्व्हिन्स' चाचणीने दूर केली. युरोपातील आठ देशांत १,३६० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. सुमारे अडीच वर्षांच्या पाठपुराव्यात चांगल्या प्रतीच्या डायलिसिसवरील २१.९ टक्के आणि एचडीएफवरील १७.३ टक्के रुग्ण दगावले. जपानमध्ये आज डायलिसिसवरील निम्म्याहून अधिक रुग्ण एचडीएफवर आहेत. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील काही खासगी रुग्णालये ही सुविधा देतात. ज्याचे पैसे शासन भरते, त्या रुग्णाला ती मिळण्याचा मार्ग मात्र दिसत नाही.

इथपर्यंत वाचून आपण एचडीएफची यंत्रे खरेदी करण्याचा आदेश काढाल, तर ती माझी मागणी नव्हे. उलट तसे घाईने होऊ नये, याची मला जास्त काळजी आहे, आणि त्याचे कारण सविस्तर सांगते.

कन्व्हिन्स चाचणीतील फायदा एका सत्रात किमान २३ लिटर पाणी गाळले गेले तेव्हाचा आहे. त्याचा हिशोब कोणत्याही केंद्रात कागदावर करता येतो. मिनिटाला ३५० मिलिलिटर रक्त यंत्रातून फिरले तर चार तासांत ८४ लिटर रक्त फिरते. त्यातले साधारण चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक पाणी गाळता येते, त्याहून जास्त ओढले तर रक्त घट्ट होऊन पडदा तुंबतो. म्हणजे २३ लिटरचा आकडा जेमतेम गाठला जातो. आता रक्ताचा वेग २५० आणि वेळ साडेतीन तास धरा. रक्त फिरते साडेबावन्न लिटर आणि गाळले जाते फार तर चौदा लिटर. यंत्रावर एचडीएफ लिहिलेले असेल, देयकातही तसेच लिहिले जाईल, परंतु रुग्णाला ज्यासाठी ते द्यायचे तो फायदा मिळाल्याचा पुरावा नसेल. जपानमध्ये कमी वेगाने रक्त फिरवून, द्रव पडद्याच्या आधी मिसळण्याची वेगळी रीत वापरतात आणि तिचे निरीक्षणांवर आधारित निष्कर्ष आशादायक आहेत. ते आपल्या तज्ज्ञांनी अवश्य तपासावेत, पण त्या रीतीला द्रव याहूनही अधिक लागते.

आणि द्रव म्हणजे पाणी. एचडीएफचा खरा प्रश्न इथे आहे.

नेहमीच्या डायलिसिसमध्ये मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने एका सत्रात १२० लिटर द्रव रुग्णाच्या रक्ताला पडद्याआडून स्पर्श करते. आरओ प्लांटमधून वाया जाणारे पाणी धरले तर टाकीतून उपसले जाणारे पाणी आणखी बरेच जास्त असते. एचडीएफमध्ये त्याशिवाय वीस-पंचवीस लिटर द्रव थेट रक्तात सोडले जाते. पूर्वी हे द्रव पिशव्यांतून विकत घ्यावे लागे आणि म्हणून पद्धत महाग होती. आता यंत्र स्वतःच ते डायलिसिसच्या पाण्यापासून, विशेष गाळण्यांतून काढून, तिथल्या तिथे तयार करते. म्हणजे सलाइनच्या बाटलीऐवजी आमच्या छतावरच्या टाकीतले पाणी, इतक्या टप्प्यांनंतर का होईना, माणसाच्या शिरेत जाते. त्यासाठी यंत्रात शिरणारे द्रवच अतिशुद्ध लागते : मिलिलिटरमागे जंतूंच्या वसाहती ०.१ पेक्षा कमी आणि एंडोटॉक्सिन (जंतूंपासून सुटणारे विष) ०.०३ एककापेक्षा कमी. साध्या डायलिसिसच्या पाण्यासाठी जंतूंची मर्यादा १०० आहे. दोन्हींत हजारपटीचे अंतर आहे.

आमच्या भागात पाण्याची स्थिती काय असते, हे आपणांस सांगण्याची गरज नसावी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला द्यावे लागले होते. उन्हाळ्यात एकाच आठवड्यात नळाचे, बोअरचे आणि टँकरचे अशी तीन प्रकारची पाणी एकाच टाकीत पडतात. बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर लवकर थकतो. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती टाकली आहे, हे चालकालाही ठाऊक नसते. क्लोरीन आणि त्यापासून बनणारे क्लोरामाइन कार्बनच्या टाकीत अडले नाही, तर पडद्यातून रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडते. म्हणून सकाळच्या पहिल्या शिफ्टपूर्वी प्लांट पंधरा मिनिटे चालवून, पहिल्या कार्बन टाकीनंतरच्या नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन, त्याचा रंग बदलतो का हे पाहायचे असते, आणि प्रत्येक शिफ्टपूर्वी तेच पुन्हा करायचे असते. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. या चाचणीला पाच मिनिटे लागतात. चाचणीच्या पट्ट्या संपल्या असतील आणि बाहेर बाकावर उपाशीपोटी, रात्रीच्या एसटीने आलेले रुग्ण बसलेले असतील, तेव्हा तंत्रज्ञाने काय करावे, याचे लेखी उत्तर मी काम केलेल्या एकाही केंद्रात भिंतीवर लावलेले नव्हते.

पाण्याच्या चुकीची किंमत जगाने मोजलेली आहे. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू शहरात, दुष्काळात टँकरने आणलेल्या तलावाच्या पाण्यातील शेवाळाचे विष डायलिसिसमधून रक्तात गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. दुष्काळ, टँकर आणि नीट न गाळलेले पाणी, ही साखळी आमच्या जिल्ह्यांना अनोळखी नाही.

जंतूंच्या तपासणीतली एक त्रुटी मुद्दाम लक्षात आणून देते, कारण ती कागदावर कधीच दिसत नाही. रुग्णालयांच्या प्रयोगशाळा अनेकदा पाण्याचा नमुना रक्त-लघवीच्या नमुन्याप्रमाणेच, नेहमीच्या पोषक माध्यमावर, ३७ अंशांवर एक-दोन दिवस ठेवतात आणि "जंतुवाढ नाही" असा अहवाल देतात. आरओच्या शुद्ध पाण्यात जगणारे जंतू उपाशी राहण्याला सरावलेले असतात आणि सावकाश वाढतात. त्यांच्यासाठी कमी पोषणाचे माध्यम, १७ ते २३ अंश तापमान आणि सात दिवस लागतात, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. चुकीच्या रीतीने केलेल्या तपासणीत पाणी सहज उत्तीर्ण होते. असे अहवाल फाइलमध्ये लावून एचडीएफ सुरू केले तर रुग्णांना खुर्चीत थंडी वाजून ताप येऊ लागेल आणि दोष एचडीएफच्या माथी मारला जाईल.

पाण्यानंतर फिस्टुला. हाताची शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला पिकायला सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. डायलिसिस लागणार हे डॉक्टरांना कळल्यावर तो वेळेत करून ठेवला, तरच मिनिटाला ३५० चा वेग मिळतो. प्रत्यक्षात आमच्याकडे बहुतेक माणसे दम लागून, अंगावर सूज घेऊन तातडीने दाखल होतात आणि मानेतील तात्पुरत्या नळीवर डायलिसिस सुरू होते. मग फिस्टुलासाठी संभाजीनगर, सोलापूर किंवा पुण्याला जायचे, तारीख मिळवायची, प्रवासाचा खर्च करायचा, मजुरी बुडवायची. तोपर्यंत नळीतून संसर्ग होतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी फिस्टुलाची शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक आला, तर एचडीएफची वाट न पाहताही आजच्या रुग्णांचे भले होईल.

वेळेबाबत मी स्पष्ट बोलते. ज्या चाचण्यांचे आकडे वर दिले, त्यांतील रुग्ण आठवड्यातून तीन वेळा उपचार घेत होते. आपल्याकडे आठवड्यातून दोनदाच येणारे रुग्ण खूप आहेत. कोणी बसभाड्यामुळे, कोणी सोबतीला माणूस नाही म्हणून, कोणी खुर्ची रिकामी नाही म्हणून. दोनदा येणाऱ्याला एचडीएफ देण्यापेक्षा त्याला तिसरे सत्र देणे, हा माझ्या मते पैशाचा अधिक न्याय्य उपयोग आहे. एचडीएफचा आग्रह धरणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना हे कदाचित पटणार नाही, तरीही लिहिते. कन्व्हिन्स चाचणीतही मधुमेह किंवा हृदयविकार नसलेल्यांत फायदा अधिक ठळक दिसला होता, आणि आपल्याकडे मूत्रपिंड निकामी होण्याच्या कारणांत मधुमेहच पुढे आहे. म्हणून एचडीएफ सर्वांना सरसकट नव्हे, तर ज्यांचा फिस्टुला चांगला आहे, जे तीनदा येतात आणि ज्यांना प्रत्यारोपण मिळण्याची शक्यता कमी असल्याने पुढची अनेक वर्षे डायलिसिसवर काढायची आहेत, अशांना आधी मिळावे. घरी करायचे पोटाचे डायलिसिस हा दूरच्या गावांसाठी आणखी एक पर्याय आहे. केंद्र शासनाने त्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्येच काढलेली आहेत. त्याला ना फिस्टुला लागतो ना आरओ प्लांट. तो विषय स्वतंत्र पत्राचा आहे.

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिसचा खर्च भागवला जातो. या दोन्हींमुळे जगलेली माणसे मी रोज पाहते आणि त्यांच्या वतीने कृतज्ञही आहे. परंतु या व्यवस्थेत पैसे मोजले जातात ते सत्रांचे. सत्र किती मिनिटे चालले, रक्त कोणत्या वेगाने फिरले, पाणी कसे होते, यावर देयकाचा एक रुपयाही अवलंबून नसेल, तर सत्र पंधरा मिनिटे आधी संपवून पुढचा रुग्ण घेणाऱ्याला कोणी अडवणार नाही. एचडीएफ याच चौकटीत आणले तर त्याचेही हेच होईल.

म्हणून माझी मागणी एचडीएफच्या यंत्रापेक्षा कराराच्या मजकुराविषयी जास्त आहे. पुढील निविदा निघेल तेव्हा तीत पाण्याची मासिक जंतुतपासणी आणि एंडोटॉक्सिन तपासणी योग्य पद्धतीने, केंद्र चालवणाऱ्या कंपनीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून करून घेण्याची अट असावी आणि तिचा अहवाल केंद्राच्या दर्शनी भागात मराठीत लावावा. क्लोरीनची चाचणी झाली नसेल तर शिफ्ट सुरू न करण्याचा अधिकार तंत्रज्ञाला लेखी मिळावा आणि तो वापरल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये. सत्राच्या नोंदीत प्रत्यक्ष मिनिटे आणि रक्ताचा वेग असावा, आणि एचडीएफ असेल तिथे गाळलेल्या पाण्याचे लिटर. हे सर्व आकडे यंत्राच्या स्क्रीनवर दिसतातच, ते फक्त उतरवून घ्यायचे आहेत. एचडीएफचा वाढीव दर ठरवाल तेव्हा तो लिटरशी जोडावा, यंत्राच्या नावाशी नव्हे.

सुरुवात जिल्हा रुग्णालयांपासून करू नये. मूत्रपिंडविकार विभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा एकाच आवारात असलेली दोन-तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निवडावीत. त्यांतले किमान एक मराठवाड्यातील किंवा विदर्भातील असावे. मुंबईच्या पाण्यावर यशस्वी झालेला प्रयोग आमच्या पाण्यावर चालेलच असे नाही. वर्षभर तिथे पाणी मानकात राहते का, २३ लिटर किती जणांत गाठले जातात, ताप-थंडीचे प्रसंग किती होतात, हे मोजावे आणि जाहीर करावे. जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने ही फाइल दोन टेबलांच्या मध्ये अडकेल, अशी मला भीती आहे, म्हणूनच पत्र दोघांच्या नावे लिहिले आहे.

शेवटची विनंती लहान आहे आणि तिला खर्चही नाही. शरीरात बसवायची किडनी अजून मिळत नाही, "डायलिसिसविना रक्तशुद्धी" म्हणून जाहिरात होणाऱ्या काढ्यांसाठी आणि उपचारांसाठी डायलिसिस सोडू नये, आणि एचडीएफ म्हणजे काय, एवढे सांगणारे एक पानभर अधिकृत निवेदन विभागाने सोप्या मराठीत काढावे. सत्र चुकवून असल्या उपचाराला गेलेला रुग्ण आमच्याकडे परत येतो तो पोटॅशियम वाढून, हृदयाचे ठोके बिघडलेल्या अवस्थेत, आणि प्रत्येक वेळी तो वेळेत पोचतोच असे नाही. विभागाच्या सहीचे ते पान हातात असेल, तर मोबाइल पुढे करणाऱ्या नातेवाइकाला आम्हांला ते देता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक डायलिसिस तंत्रज्ञ
मराठवाडा